बाकड्यावरचं बाकड्यावर

आमच्या साहेबांशी मी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "काका, जरा सरका की." आणि ते सरकले.

सुरतेतल्या कामगारांच्या विमा दवाखान्यात माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. मानसिक आजारांचा विभाग, आणि मी तिथली नवी समाजसेविका. इथल्याच लिंबायतच्या खानदेशी वस्तीत वाढलेली, बापाने कापडाच्या लूमवर उभं राहून शिकवलेली. गळ्यात ओळखपत्र अडकवलं तशी मान आपोआप ताठ झाली होती. विभागाला कुलूप होतं. बाहेरचं लांब लाकडी बाकडं पेशंटांनी गच्च भरलेलं, आणि टोकाला एक गृहस्थ शेंगा सोलत बसलेले. खिशाला शाईचा डाग, पायात साध्या चपला, दाढी कालची. त्यांनी मला जागा करून दिली, शेंगांची पुडी पुढे केली आणि म्हणाले, "पहिल्यांदाच आल्या का? घाबरू नका बाप्पा, डॉक्टर चांगला माणूस आहे."

"मी पेशंट नाही," मी म्हटलं. "मी स्टाफ आहे."

"हाव. सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले, आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

शिपायाने कुलूप काढलं तसे हे गृहस्थ उठून आत गेले आणि थेट डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. मी मागोमाग धावले. "अहो काका, उठा आधी, ती साहेबांची खुर्ची आहे." शिपाई पोट धरून हसायला लागला. काकांनी शांतपणे खुंटीवरचा पांढरा कोट अंगात चढवला आणि मला म्हणाले, "बसा मॅडम. माणूस ओळखायची घाई करता तुम्ही. तेवढं कमी केलं तर इथं टिकून जाल."

मी टिकले. घाई मात्र अजून कमी झालेली नाही.

साहेब अमरावतीकडचे. सुरतेत अख्खी नोकरी काढली, पण वऱ्हाडी बोलणं सोडलं नाही आणि सुरतेच्या डाळीतल्या साखरेला माफ केलं नाही. कोटाच्या एका खिशात कागदाच्या पुडीत हिरव्या मिरच्या असायच्या. दवाखान्यातल्या कुणाचा वाढदिवस असला की लोचो यायचा, खमण यायचं, आणि साहेब प्रत्येक घासाला मिरची चावत बसायचे. "डाळीत साखर हे टाकून राहिले, आणि डोक्याचा डॉक्टर यांनी मले नेमला," असं म्हणायचे. एकदा वरच्या ऑफिसातून तपासणीला मोठे अधिकारी आले. साहेबांनी त्यांनाही बशीत चहाबरोबर मिरची दिली. अधिकाऱ्यांनी अदब म्हणून ती खाल्ली, आणि तपासणी त्या दिवशी फार लवकर आटोपली.

आता ते रिटायर होऊन गावी गेलेत. मी फोन केला की तब्येत-बिब्येत काही विचारत नाहीत. म्हणतात, "आज बाकड्यावर कोण होतं?"

त्या बाकड्याचं सांगायचं तर आधी आमचं काम सांगावं लागेल. मिलमध्ये, कारखान्यात राबणारा माणूस मनाने आजारी पडला, तर तो कामावर जाण्यालायक आहे की नाही, हे साहेबांनी ठरवायचं. त्यांनी 'लायक नाही' असं लिहून दिलं की विम्यातून लांब रजा मिळायची, पगाराचा बराचसा भाग घरी येत राहायचा, आणि तेवढ्या काळात मालकाला त्याला कामावरून काढता यायचं नाही. 'लायक आहे' असं लिहिलं की गडी दुसऱ्या दिवशी पाळीवर. हाड मोडलं तर एक्स-रे काढून भिंतीवर लावता येतो. डोक्यातलं काय लावणार?

त्यात आमचे खानदेशी लोक. आमच्यात साहेबापुढे जायचं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखं नटून जायचं. घरात जो माणूस अंघोळीला उठत नाही, कुणाशी बोलत नाही, त्याला धरून न्हाऊ घालणार, दाढी करणार, डोक्याला तेल चोपडणार, कपाळाला टिळा आणि अंगात ठेवणीतला शर्ट. वर पढवून आणणार. साहेबांनी विचारावं, "काय त्रास आहे?" आणि घरच्यांनी एका सुरात सांगावं, "काहीच नही साहेब, देवनी कृपा शे." अरे, मग आलात कशाला? पण तसं विचारायची सोय नव्हती. ते घराची अब्रू सांभाळत आलेले असायचे. गल्लीत बातमी फुटली तर धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडतं, ही भीती काही खोटी नाही. मी त्याच गल्लीतली आहे, मला ठाऊक आहे.

दुसरी मंडळी याच्या बरोबर उलट. धडधाकट, चांगला जेवणारा, घोरत झोपणारा माणूस केस पिंजारून, एकाच पायात चप्पल घालून यायचा आणि छताकडे बघत गाणी म्हणायचा. म्हणजे आमच्याकडे खरा आजारी नवरदेव होऊन यायचा आणि खोटा आजारी तमाशा करायला. नवा डॉक्टर असता तर सगळे कागद उलटसुलट झाले असते.

म्हणून साहेब कुलूप निघायच्या आधी येऊन, कोट न घालता, बाकड्यावर बसायचे. "आत आला की माणूस परीक्षेला बसते," ते म्हणायचे. "बाहेर तो माणसासारखा बोलते." पहिल्यांदा आलेले लोक त्यांना पेशंटच समजायचे. बायका त्यांना केळं द्यायच्या. एका म्हातारीने तर त्यांच्या हाताला काळा दोरा बांधला होता, तो त्यांनी झिजून तुटेपर्यंत काढला नाही.

पण त्यात त्यांचा एक विचित्र नियम होता. बाकड्यावरचं बाकड्यावर. तिथे कानावर आलेलं काहीही ते कागदावर आणायचे नाहीत. आत, खुर्चीसमोर बसून माणूस जे सांगेल आणि जसा दिसेल, तेवढ्यावरच लिहायचे.

मी एकदा चिडून विचारलं, "मग ऐकता कशाला?"

"आत काय विचारायचं ते समजते ना," ते म्हणाले. "पण सांगायचं का नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं. मी काय खिसेकापू आहे?"

मला हे शुद्ध नाटक वाटायचं. कतारगामच्या त्या हिरेवाल्याच्या वेळी मात्र मला हे नाटक फार आवडलं. हा पठ्ठ्या हिऱ्याच्या कारखान्यात कामाला, चांगला गुटगुटीत. बाकड्यावर साहेबांच्या शेजारी बसला आणि त्यांची दया येऊन त्यांना शिकवायला लागला. "काका, तुम्ही असे सरळ बसलात तर रजा मिळत नाही. प्रश्न विचारला की लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी वर बघायचं. मग एकदम हसायचं. मी मागच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात हसायला विसरलो म्हणून राहिलं." साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. एकदा वर बघून, हसून दाखवलं. "जरा जास्त," तो म्हणाला.

मग त्याचा नंबर लागला. तो पिंजारल्या केसांनी आत आला आणि खुर्चीतले काका पाहून दारातच थिजला. साहेबांच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघसुद्धा नाही. "या, बसा. काय त्रास होते?" हिरेवाल्याने छताकडे बघायला मान अर्धी वर नेली, तशीच खाली आणली, केसांवरून हात फिरवला आणि पुटपुटला, "काही नाही साहेब. आता बरं वाटतंय." आणि गेला.

"पाहा मॅडम," साहेब म्हणाले, "औषध न देता किती लवकर गुण आला."

प्रश्नांचीही त्यांची तऱ्हा होती. आज वार कोणता, तारीख काय, असले पुस्तकातले प्रश्न ते विचारायचे नाहीत. "रातपाळीच्या माणसाले वार विचारणारा डॉक्टर आधी स्वतः तपासून घ्यावा," असं त्यांचं मत. त्यांचा स्वतःचा एकच प्रश्न होता, आणि तो ते शेवटी, पेन उचलायच्या आधी विचारायचे. "कामावर गेलं तर बरं वाटंल, का थांबलं तर?" कितीतरी माणसं म्हणायची, "जाऊ द्या साहेब, घरात बसून डोकं फिरतंय," आणि साहेब खुशीने त्यांना मिलला पाठवायचे. कामाने बरी होणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती. उगाच दयाळूपणा करून कुणाला घरात कोंडलं नाही.

आता सुकलालचं सांगते.

सुकलाल बमरोलीच्या एका रंगाच्या मिलमध्ये मशीनवर होता. कापड रंगवायचं ते मशीन म्हणजे लोखंडाचा मोठा बंद हंडा, आत उकळतं रंगाचं पाणी दाबाखाली फिरत असतं. ते चालू असताना झाकण उघडलं तर उघडणारा भाजून निघतोच, शेजारचेही वाचत नाहीत. सुकलालने एके दिवशी त्या झाकणाला हात घातला होता. साथीदारांनी मागून मिठी मारून ओढला म्हणून थोडक्यात निभावलं. मिलने सांगितलं, सोमवारी डॉक्टरांचा कागद घेऊन या, नाहीतर राजीनामा द्या.

मिलच्या चिठ्ठीवरून एवढंच कळलं होतं, की 'मशीनवर चुकीचे वर्तन'. बाकीचं साहेबांना बाकड्यावर कळलं. सुकलालचे वडील, आबा, पोराला घेऊन सकाळीच आले होते. डोक्यावर पांढरी टोपी, हातात डबा. सुकलाल अगदी नवरदेव. अत्तरसुद्धा लावलेलं. साहेबांकडे बघून आबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "तुमनी रजा व्हयनी का?" साहेब म्हणाले, "नाही अजून, डॉक्टर पाहून राहिला." मग आबा हळूहळू मोकळे झाले. पोरगा भाकर आधी नळाखाली धरून धुतो, त्यात रंग मिसळलाय म्हणतो. मशीनच्या आतून कुणीतरी त्याला नावाने हाक मारतं. झाकण त्यासाठीच उघडायला गेला होता, आतल्याला बाहेर काढायला. हे सांगताना आबा रडले. साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी शेजारच्या खोलीच्या खिडकीतून सगळं पाहत होते, ऐकतही होते, आणि मनात म्हटलं, चला, हा कागद सोपा आहे.

नंबर लागला. आबा दारात आले, खुर्चीतल्या माणसाला पाहून क्षणभर थांबले. त्यांना कळलं, हे मला दिसलं. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि असे पुढे आले की जणू या माणसाला जन्मात पाहिलेलं नाही. साहेबही तसेच. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

"याले काहीच व्हयेल नही साहेब," आबा मोठ्याने म्हणाले. "पोरगा एकदम चांगला शे. कामावर जावाले तयार शे. तेवढं लिखी द्या."

साहेब सुकलालकडे वळले. "पाणी पाहिजे का?"

"झोप चांगली लागस साहेब," सुकलाल म्हणाला.

"घरी कोण कोण आहे?"

"भूक चांगली लागस साहेब."

आबांनी त्याला कोपर मारलं. पढवलेली उत्तरं क्रमाने येत होती, प्रश्न मागेपुढे झाले हा साहेबांचा दोष. एरवी मी हसले असते. पण समोर कागद होता, आणि त्यावर 'लायक आहे' असं पडलं की हा माणूस सोमवारी त्या उकळत्या हंड्यासमोर उभा राहणार होता.

साहेबांनी कागद दुमडून खणात टाकला. "जेवणानंतर या," म्हणाले.

ते बाहेर पडल्यावर मी भांडले. चक्क भांडले. "साहेब, तुम्ही स्वतः ऐकलंय सगळं. लिहा ना, लायक नाही म्हणून. उत्तरं ऐकलीत ना त्याची?"

"उत्तरं शिकवलेली होती. शिकवलेलं पाठ करणं आजार नाही, तसं तर सारी शाळा आजारी आहे. आणि मी काही ऐकलं नाही. बाकड्यावरच्या एका पेशंटानं ऐकलं."

"तो माणूस मरेल, आणि तुम्ही नियम धरून बसा."

"मी 'लायक आहे' लिहिलं का?" साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते तर मी लिहिणारच नाही. पण मॅडम, बापाच्या तोंडून चोरलेलं वापरून पोराले आजारी ठरवलं, तर उद्या तो बाप त्याले इथं पुन्हा आणंल का? गोळ्या कोण देईल त्याले? तुम्ही?"

मी हातातली फाईल टेबलावर आपटली.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी कोट खुंटीला लावला, आपला डबा घेतला आणि जाऊन आबांच्या शेजारी बाकड्यावर बसले. मीही मागे गेले. आबांनी डबा उघडला होता, कळण्याची भाकर आणि ठेचा. ते साहेबांकडे न बघता म्हणाले, "तुमी साहेब शेतस."

"आत्ता नाही. आत्ता जेवण."

आणि मग आबांनी आमच्या साहेबांची जी काही बिनपाण्याने केली, ती मी कधी विसरणार नाही. "शिकेल माणूस तुमी. गरिबना घरन्या गोष्टी आसं चोरीसन आयकतस? मी तुमले पेशंट समजीसन रडनू. लाज वाटाले पाहिजे." बाकड्यावरची सगळी माणसं खाणं थांबवून बघायला लागली. साहेब उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं, आबा." दवाखान्याच्या प्रमुखासमोर न वाकणारा माणूस. मला कसंतरीच झालं.

आबांचा राग तिथेच उतरला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून, त्यावर ठेचा ठेवून साहेबांच्या हातात दिला. तो घेता घेता साहेब म्हणाले, "आत आजारी आहे म्हणून सांगा आबा, नोकरी जात नाही, वाचते." मग आबा जे बोलले ते साहेबांपेक्षा स्वतःशीच. तरुणपणी लूमवर त्यांचा खांदा निखळला होता. त्यांनी मालकाला खरं सांगितलं, दुखतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लूमवर दुसरा माणूस उभा होता. तेव्हापासून त्यांनी आपलं कधीच काही दुखू दिलं नाही, आणि पोरांनाही तेच शिकवलं. आणि आता हे साहेब म्हणतात, आजारी आहे असं सांगा, म्हणजे नोकरी वाचेल. असा कागद कधी असतो का?

"असतो आबा," मी म्हटलं, आणि आमच्या घरच्या बोलीत त्यांना सगळं समजावलं. रजा, पगार, मिलला काढता येत नाही ते. मी लिंबायतची आहे, कुणाची मुलगी आहे, तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. सुकलाल आपली भाकर हातात धरून नुसता बसला होता. नळ शोधत असावा.

जेवणानंतर पुन्हा आत. साहेबांनी कोट घातला, कागद खणातून काढून समोर ठेवला. आबांना काहीच विचारलं नाही. सुकलालकडे बघून आपला तो एकच प्रश्न विचारला. "कामावर गेलं तर बरं वाटंल, का थांबलं तर?"

हा प्रश्न कुणी पढवला नव्हता. अत्तराचा वास खोलीभर झाला होता. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार तोच साहेबांनी बोटाने मला गप्प केलं.

सुकलाल वडिलांकडे वळला. लेकुरवाळा माणूस, कानाजवळ केस पिकायला लागलेले.

"आबा," तो म्हणाला, "मी आजारी शे, आसं सांगू का?"

आबांनी टोपी काढली. तिच्याकडे बघत राहिले. मला रडू फुटलं, मी खिडकीकडे तोंड केलं.

"सांग, भाऊ," आबा म्हणाले. "सगळं सांग."

आणि सुकलाल बोलायला लागला. साहेबांनी पेन उचललं नाही, नुसतं ऐकलं. मशीनमधली हाक, भाकरीतला रंग, पाळीवरून येताना रस्ता अनोळखी वाटतो ते, घरात सगळे झोपलेत असं वाटल्यावर तो भिंतीला कान लावून उभा राहतो ते. त्यातलं अर्धं आबांनाही माहीत नव्हतं. ते मधेमधे "कधी रे?" असं हळूच विचारत होते आणि तो सांगत होता.

रजा मिळाली. पुढे औषधं लागू पडायला वेळ लागला, पण आबांनी एकही तारीख चुकवली नाही, आणि मिलनेही सुकलालला परत घेतलं, मशीनवर न ठेवता घडी घालायच्या खात्यात. त्या दुपारी मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. साहेबांनी 'लायक नाही' असं लिहून सही केली, शिक्का मारला, आणि कागद आबांकडे न देता सुकलालच्या हातात दिला.

"अजून काही त्रास?" त्यांनी सवयीने विचारलं.

सुकलालने जरा विचार केला. "ही गुंडी," तो म्हणाला. "सकायपाईन गळाले टोची राह्यनी."

आबा उठले आणि दोन्ही हातांनी त्याच्या शर्टाचं वरचं बटण सोडू लागले. ठेवणीतल्या शर्टाचं काज घट्ट होतं, त्यामुळे त्यांना वेळ लागला. आम्ही कुणी घाई केली नाही.